4 जूनला माझे दोन लॉट कापले गेले

फ्युचर्समध्ये (पुढच्या तारखेच्या खरेदी-विक्रीच्या करारांत) नव्याने येणारे बहुतेक जण मला विचारतात, निफ्टी वर जाईल का? मी आधी त्यांना विचारतो, खात्यात मोकळी रोकड किती आहे?

3 जून 2024 ला लोकसभा निवडणुकीच्या एक्झिट पोलच्या जोरावर बाजार उसळला होता. 23,260 च्या आसपास मी निफ्टीचे दोन लॉट घेतले. तेव्हा लॉट, म्हणजे एका कराराचा ठरलेला आकार, 25 चा होता, म्हणजे एका पॉइंटमागे माझे 50 रुपये. मार्जिन (कराराच्या हमीसाठी अडकवून ठेवायची रक्कम) लागलं साधारण 1 लाख 60 हजार. खात्यात 1 लाख रोख होते, शिवाय प्लेज केलेल्या, म्हणजे गहाण ठेवलेल्या, शेअर्सवर मिळालेलं 90 हजारांचं मार्जिन. वर 30 हजार शिल्लक दिसत होते. निर्धास्त झोपलो.

दुसऱ्या दिवशी निकालाचे कल आले आणि 600 पॉइंट पडताच ती शिल्लक संपली. नवखा इथेच चुकतो. त्याला वाटतं, मार्जिन आहे तोवर तोटा सोसता येईल. पण मार्जिन ही अनामत आहे, ती पुरी असायलाच हवी. तोटा तिच्या वरच्या पैशातून जातो. एमटीएमचा, म्हणजे रोजच्या भावाने मोजलेला, तोटा तर रोखच भरावा लागतो, प्लेजचे शेअर्स त्याला चालत नाहीत. त्या दिवशी तर ते शेअर्सही पडत होते, त्यामुळे त्यांच्यावरचं मार्जिनही आटत होतं. त्यात बाजार असा हेलकावे खाऊ लागला की स्पॅन मार्जिन (बाजाराच्या जोखमीनुसार ठरणारं मार्जिन) वाढतं.

ब्रोकरचा मेसेज आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. फोन हातात घेईपर्यंत आरएमएसने, म्हणजे ब्रोकरच्या जोखीम सांभाळणाऱ्या यंत्रणेने, 21,600 च्या जवळ दोन्ही लॉट विकले होते. तोटा 83 हजार. ब्रोकरवर माझा राग नाही. क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे (सौद्यांची पूर्तता करणाऱ्या संस्थेकडे) त्यालाही पैसे भरायचे असतात, आणि माझ्या फोनची वाट पाहायला तो बांधील नव्हता.

त्या दिवशी निफ्टी 21,884 वर बंद झाला. 7 जूनला 23,290 वर. माझ्या खरेदीच्याही वर! हे मला 83 हजारांपेक्षा जास्त लागलं.

आता लॉट घेण्याआधी मी कागदावर एक भागाकार करतो: मार्जिन सोडून उरलेली रोकड भागिले एका पॉइंटमागचे रुपये. उत्तर येतं तेवढेच पॉइंट मी तग धरू शकतो. लॉटचा आकारही तपासा. नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या नव्या करारांपासून तो 75 झाला होता, पुढे तोही बदलला. 75 च्या आकाराने 4 जूनसारखी 1,379 पॉइंटची घसरण एका लॉटवर 1 लाख 3 हजारांची होते.