एसटी, महावितरणचा राज्याच्या तिजोरीवर किती भार? स्वतःच शोधा

एसटी तोट्यात, महावितरण कर्जात अशी बातमी आली की लोकांचं उत्तर ठरलेलं, विकून टाका एकदाचं. विका नाहीतर ठेवा, पण आधी तिजोरीतून नेमकं काय जातंय ते तरी बघा, कारण ते तोट्याच्या आकड्यात दिसत नाही, ते सरकारच्या फायनान्स अकाउंट्समध्ये (राज्याच्या वार्षिक जमाखर्चाच्या हिशोबात) असतं. कॅगच्या (सरकारी हिशोब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या) वेबसाईटवर जा, महाराष्ट्र निवडा, वर्ष निवडा, पीडीएफ फुकट आहे.

फाईल जाडजूड आहे, घाबरू नका. आधी लेखाशीर्षाचा (प्रत्येक प्रकारच्या जमा-खर्चाला दिलेल्या चार आकडी क्रमांकाचा) पहिला अंक वाचायला शिका, अर्धं काम तिथेच होतं. रस्ते वाहतुकीत 3055 म्हणजे महसुली खर्च, गेला तो गेला, 5055 म्हणजे भांडवली, म्हणजे मालमत्ता किंवा गुंतवणुकीवरचा, आणि 7055 म्हणजे कर्ज, जे परत येणं अपेक्षित असतं (अपेक्षित!). विजेला तसंच 2801, 4801, 6801. गंमत अशी की मदत म्हणून दिलेला पैसा कर्जाच्या खात्यात टाकला की महसुली तूट (रोजच्या खर्चाला उत्पन्न जेवढं कमी पडतं ती) वाढत नाही, राजकोषीय तूट (एकूण खर्चासाठी जेवढं कर्ज काढावं लागतं ती) मात्र वाढते, त्यामुळे कोणी फक्त महसुली तुटीचं बोलत असेल तर कान टवकारा.

मग स्टेटमेंट 7, 8, 9 काढा: कर्ज, गुंतवणूक, हमी. गुंतवणुकीवर लाभांश किती आला ते 0050 खाली बघा आणि सरकार स्वतः किती टक्क्यांनी कर्ज काढतंय त्याच्याशी लावून बघा, डोळे उघडतात.

पण खरा धोका हमीत, म्हणजे महामंडळाने कर्ज फेडलं नाही तर आम्ही फेडू या सरकारच्या शब्दात. हमी दिली त्या दिवशी खर्च शून्य, म्हणून कोणी विचारत नाही. 1996 साली धरणं-कालवे बांधायला कृष्णा खोरे महामंडळ काढलं, सरकारच्या हमीवर रोखे विकून कर्ज उभारलं, आता पाणीपट्टीवर धरणाचं कर्ज थोडंच फिटतंय, फेडायला शेवटी तिजोरीच. 2022 पासून केंद्र असली कर्जं राज्याच्या कर्जमर्यादेत धरायला लागलं ते यामुळेच.

आता उलटी बाजू, जी लोक विसरतात. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट, त्याआधी ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना फुकट, साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज, हे सगळं सरकारने जाहीर केलेलं, त्यामुळे भरपाईही सरकारनेच द्यायची, आणि ती उशिरा आली की पगार रखडतात आणि नाव मात्र एसटीचं खराब होतं. शिवाय एसटी प्रवासी कर गोळा करून सरकारलाच देते, महावितरण वीज शुल्क देते (ते 0043 खाली जमा दिसतं). ही जमेची बाजू वजा केल्याशिवाय भार म्हणू नका.

एक्सेलमध्ये निदान पाच वर्षं मांडा, 2021-22 एकटं घेऊ नका, त्या वर्षी संपामुळे एसटी कित्येक महिने बऱ्याच अंशी बंद होती. आणि कंपनीचा आकडा कुठल्या वर्षाच्या हिशोबातला आहे तेही तपासा, बऱ्याच महामंडळांचे हिशोब वर्षानुवर्षं थकलेले असतात, कोणाचे किती ते कॅगच्या राज्य वित्त अहवालात सापडतं.