गौरी तीनच दिवस राहते

माझी पहिली पटकथा १४८ पानांची झाली होती. एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट धरतात, म्हणजे जवळजवळ अडीच तासांचा सिनेमा. कोकणातलं घर दोघा भावांना विकायचंय आणि मुंबईच्या बहिणीची हक्कसोडपत्रावर सही हवीय, अशी गोष्ट. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो, त्यामुळे तिच्या सहीवाचून विक्री अडलेली.

वाचणाऱ्या एका ज्येष्ठ लेखिकेनं सांगितलं, भांडणं पुष्कळ आहेत, घडत मात्र काहीच नाही. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. पण त्यांचं खरं होतं. भांडण झालं की गोष्ट पुढे सरकते, असं मी धरून चालले होते. मध्यंतरापर्यंत सहा भांडणं, आणि प्रत्येकात सगळे मनातलं बोलून मोकळे!

मग प्रत्येक सीनचं कार्ड केलं. वर लिहिलं, सुरुवातीला कोणाला काय ठाऊक आहे. खाली, शेवटी काय ठाऊक झालं. दोन्हीकडे तेच असेल तर कार्ड बाजूला. चार भांडणं गेली. माजघरातला आजीचा एक सीनही गेला, त्याची हळहळ अजून आहे.

गोष्ट चार महिने पसरली होती, ती गौरीच्या तीन दिवसांत आणली: आवाहन, पूजन, विसर्जन. विसर्जन झालं की बहीण मुंबईला जाणार, म्हणजे सही त्याआधी व्हायला हवी. आता साधा चहाचा सीनही ताणलेला वाटू लागला. नवीन लिहिणाऱ्यांनी सणवार, दिवसकार्य, लग्नघर यांकडे या नजरेनं बघावं. तिथे माणसं आपोआप एका छपराखाली येतात आणि परतीची तारीख ठरलेली असते.

सगळ्यात जास्त शिकवलं ते एका साडीनं. आधी थोरला भाऊ दोन पानं बोलून सहीचा विषय काढायचा. आता बहीण घरात पाऊल टाकते आणि वहिनी तिच्या हातात पैठणी ठेवते. दरवर्षी ओटीत ब्लाउजपीस असतो. बहीण काठावरून बोट फिरवते, वहिनीकडे बघते. वहिनी म्हणते, "वन्सं, पूजेला हीच नेसा हं."

हे पान १२ वर येतं. पुढच्या सीनमध्ये कोणी कागदाचं नाव काढत नाही, तरी प्रेक्षक कागदाचीच वाट बघतो. पूजनाच्या दिवशी ती आपली जुनी सुती साडी नेसून बाहेर येते. मध्यंतर मी तिथे ठेवलं.