राउंडसाठी एक वही

मानसोपचार वॉर्डात डॉक्टरांचा राउंड पाच मिनिटांत पुढे सरकतो आणि विचारायचं नेमकं राहून जातं. भाऊ अ‍ॅडमिट होता तेव्हा आम्ही एक शंभरपानी वही केली.

१. डाव्या पानावर जे दिसलं तेच: 'रात्री ३ ला उठला, अर्धी पोळी खाल्ली.' 'बरा नव्हता' असं मोघम नको.
२. उजवीकडे प्रश्न. तीनच, महत्त्वाचा सगळ्यात वर.
३. सोबतीचं माणूस बदललं की वही त्याच्या हातात. आईला तेच तेच पुन्हा सांगावं लागेना, हा फार मोठा आधार होता.

वही पेशंटपासून लपवून लिहू नका, संशय वाढतो. आणि सोबत करणाऱ्याचाच धीर सुटला तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, रात्री-अपरात्रीसुद्धा, मोफत.