अर्जात अडचण नेमकी लिहा
कॅन्सरमुळे अपंगत्वाच्या मदतीसाठी अर्ज करताना नुसता बायोप्सीचा रिपोर्ट जोडून थांबू नका. बऱ्याच ठिकाणी आजाराच्या नावापेक्षा त्यामुळे काय जमेनासं झालंय, हे पाहिलं जातं. केमोनंतर बोटं बधिर होऊन शर्टाचं बटण लागत नसेल, थोडा वेळ उभं राहिलं तरी बसावं लागत असेल, तर ते तारखेसह वहीत टिपा. डॉक्टरांना ती वही दाखवा, प्रमाणपत्रात तसंच नेमकं लिहायची विनंती करा. 'अशक्तपणा आहे' एवढ्यानं भागत नाही. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून उपचार संपायची वाट पाहू नका. प्रवास, औषधं यांच्या मदतीबद्दल रुग्णालयातल्या समाजसेवकांना जरूर विचारा, त्यात संकोच कसला! अर्ज नाकारला गेलाच, तर पत्रातलं कारण आणि अपिलाची मुदत लगेच बघा.