होडीच्या केबिनमधल्या लाकडाला फिनिश देताना या चुका टाळा

शिडाच्या होडीच्या केबिनला फिनिश द्यायचं ठरलं की बरेच जण डेकवरच्या कामातून उरलेला स्पार वॉर्निशचा डबा उघडतात. पहिली चूक तीच. स्पार वॉर्निश मुद्दाम मऊ आणि लवचीक ठेवलेलं असतं, त्यात उन्हाला तोंड देणारे घटक असतात. केबिनमध्ये ऊन फारसं पोचत नाही. तिथे लाकडाला छळते ती कोंडलेली दमट हवा, गळकी खिडकी आणि रोजची हातापायांची घासणी. आत कडक वाळणारं पॉलियुरेथेन जास्त टिकतं. दोन घटक मिसळून लावायचं पॉलियुरेथेन त्याहून कडक, पण ओरखडा पडला की तेवढीच जागा बेमालूम दुरुस्त करणं अवघड. मी तरी ते पायाखालच्या फळ्यांपुरतंच ठेवेन.

त्या फळ्यांवर काचेसारखी चकाकी मात्र नको. होडी कलली आणि फळी ओली असली की पाय सटकलाच. तिथे सॅटिन, म्हणजे मंद चकाकीचं फिनिश द्या किंवा शेवटच्या हातात घसरण रोखणारी पूड मिसळा. सॅटिनची चकाकी कमी करणारी पूड डब्याच्या तळाशी बसते, म्हणून काम चालू असतानाही डबा हलक्या हाताने ढवळत राहा. हलवून घुसळू नका, बुडबुडे येतात. सगळेच हात सॅटिनचे दिले तर लाकडाचे रेषे धूसर दिसतात. खालचे हात ग्लॉसचे, म्हणजे पूर्ण चकाकीचे, आणि शेवटचा सॅटिनचा द्या.

खिडकीखाली काळा डाग दिसला की लोक वरूनच घासून नवा हात मारतात. डाग काही महिन्यांत परत येतो. वॉर्निश समोरून शाबूत असतं, पाणी शिरतं ते प्लायवूडच्या कापलेल्या कडेतून किंवा स्क्रूच्या भोकातून. एक स्क्रू काढून पाहा. भोकाची आतली कड काळपट आणि नखाला मऊ लागली, तर खरं दुखणं तिथे आहे. आधी गळती बंद करा, मग लाकूड पूर्ण वाळू द्या. सागवानावर लोखंडामुळे पडलेला डाग ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने निघतो. हातमोजे आणि मास्क घाला, नंतर भरपूर पाण्याने धुवा. पुन्हा वाळल्यावर फिनिश द्या. फळीची पाठ, कापलेल्या कडा आणि भोकं सोडू नका. न दिसणाऱ्या बाजूंना दिलेले हातच फळी वाचवतात.

सागवानावर वॉर्निश चिकटच राहतं, वाळत नाही, ही तक्रारही नेहमीची. लाकडातलं नैसर्गिक तेल आड येतं. पहिला हात देण्याच्या जरा आधी अ‍ॅसिटोनने पुसा आणि फडकं सारखं बदला. थर माशाच्या डोळ्यासारखा गोल फाटत असेल, तर बहुधा जुन्या पॉलिशमधलं सिलिकॉन लाकडावर आहे. वर आणखी थर देऊन ते झाकलं जात नाही, साफच करावं लागतं.

अळशीचं तेल दिसायला छान, दुरुस्तीलाही सोपं. पण दमट केबिनमध्ये त्यावर बुरशी धरते आणि लाकूड काळवंडत जातं. स्पिरिट पॉलिशवर (स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख) पाणी सांडलं की पांढरा डाग उमटतो. दोन्ही मी आत वापरणार नाही.

दोन हातांमध्ये घासायला स्टील वूल कधीच नको, त्याचे तुकडे अडकून गंजाचे ठिपके पडतात. 320 नंबरचा पेपर पुरे. व्हेनिअरवर, म्हणजे प्लायवर चिकटवलेल्या लाकडाच्या पापुद्र्यावर जपून, ते इतकं पातळ असतं की खालचं प्लाय उघडं पडायला वेळ लागत नाही.

थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली बिल्जमध्ये, म्हणजे होडीच्या तळाच्या पोकळीत साठते. काम चालू असताना गॅस आणि ठिणगी पाडणारी वीजयंत्रं बंद ठेवा, खिडक्या आणि छतावरची झाकणं उघडी टाकून हवा खेळती ठेवा. अळशीच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. होडीबाहेर एकेक पसरून वाळवा.