फ्रीझरमध्ये जाणारा डबा गाळ्यातच तपासून घ्या

साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यात जानेवारीतही मशीनशेजारी घाम फुटतो. त्यामुळे माझी चूक बराच काळ लपून राहिली. पॉलिप्रॉपिलिन या प्लॅस्टिकचे, मशीनवर मोल्ड केलेले डबे मी खांद्याच्या उंचीवरून फरशीवर टाकून बघायचे, एकही फुटायचा नाही. मग मासळीच्या धंद्यातल्या एका गिऱ्हाइकाने गोणीभर तुकडे आणून समोर ओतले. फ्रीझरमधून काढताना डबा हातातून सुटला, की संपला.

दाणा, म्हणजे डब्याचा कच्चा माल, होमोपॉलिमरचा होता, म्हणजे नुसत्या प्रॉपिलिनपासून बनलेला. शून्य अंशाच्या आसपास त्याच्या रेणूंच्या साखळ्या गोठल्यासारख्या होतात. धक्का बसला की वाकायच्या ऐवजी माल तडकतो. फ्रीझर तर उणे १८ ला चालतो. इम्पॅक्ट कोपॉलिमर या दुसऱ्या प्रकारच्या दाण्यामध्ये रबराचे बारीक कण विखुरलेले असतात, ते तेवढ्या थंडीतही लवचिक राहतात आणि धक्का पचवतात. दाणा घेताना डेटाशीटवरचा २३ अंशांचा आयझॉडचा (धक्का सोसण्याच्या चाचणीचा) आकडा पाहून खूश होऊ नका, उणे २० चा आकडा मागा.

तरी खरी परीक्षा तुमच्या डब्याचीच. डबे मोल्डमधून निघाल्यावर दोन दिवस तसेच राहू द्या, कारण पॉलिप्रॉपिलिनचं स्फटिकीकरण तोवर चालूच असतं. मग दहा डबे थर्मामीटरसकट रात्रभर फ्रीझरमध्ये, एकमेकांना न चिकटवता. दुसरे दहा बाहेर, तुलनेसाठी. सकाळी एकेकच काढा आणि पाच सेकंदांच्या आत टाका. मुंबईच्या हवेत पातळ भिंत बघता बघता गरम होते, शिवाय दव धरून हातातून निसटते, म्हणून कोरडे सुती हातमोजे घाला. उंची ठरलेली ठेवा. काही कोपऱ्यावर, काही गेटच्या (जिथून वितळलेला माल मोल्डमध्ये शिरतो त्या) बाजूवर पडू द्या.

आता तुकडे उजेडात धरा. कडा पांढरी पडून ताणली गेली असेल तर मालाने झटका सोसला. स्वच्छ, काचेसारखी कड म्हणजे ठिसूळपणा. चीर प्रत्येक वेळी आतल्या धारदार कोपऱ्यातूनच निघत असेल तर मोल्ड दुरुस्तीला पाठवा, तिथे गोलाई हवी. वेल्डलाइनवर, म्हणजे मालाचे दोन प्रवाह जुळतात त्या रेषेवर, उघडत असेल तर मोल्ड आणि वितळलेल्या मालाचं तापमान थोडं वाढवून बघा. मात्र बॅरल (मशीनमधली माल वितळवणारी नळी) फार तापवला किंवा ग्राइंडिंगचा माल (दळून पुन्हा वापरलेलं प्लॅस्टिक) भरमसाट मिसळला तर साखळ्या तुटतात, मग चांगला दाणाही दगा देतो.

कोपॉलिमर थोडा मऊ असतो. म्हणून ग्रेड बदलल्यावर भरलेल्या डब्यांची थप्पी लावून तळचा डबा एक रात्र दबू द्या, आणि सकाळी त्याचं झाकण नीट बसतंय का ते बघा.