ग्लायडरला थर्मलमध्ये उंची मिळत नाही? आधी बँक (वळणातला कल) तपासा

ग्लायडरला वर खेचणाऱ्या विंचचा दोर सुटतो तेव्हा हाताशी जेमतेम 300-400 मीटर उंची असते. पुढची उंची थर्मलमधून, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या गरम हवेतून मिळवायची. म्हणून पुण्यातल्या हडपसरसारख्या ठिकाणी तेवढ्यात ओलिताच्या उसावर घिरट्या घालू नका. नांगरलेलं कोरडं रान, पत्र्याच्या शेड, खाणी धरा. पंख न हलवता घारी चढताना दिसल्या, तर सरळ तिकडेच.

थर्मल सापडूनही बहुतेक नवे पायलट वर जात नाहीत, कारण ते फार पसरट वळतात. ताशी 90 किमी वेगाला 30 अंशांच्या बँकमध्ये वर्तुळाची त्रिज्या जवळपास 110 मीटर होते, 45 अंशांत फक्त 64. कोअर (थर्मलचा सर्वांत जोरदार मधला भाग) अरुंद असतो; 30 अंशांत तुम्ही त्याच्या कडेकडेने, अर्धा वेळ सिंकमध्ये (खाली जाणाऱ्या हवेत) फिरता. आणि मनाला मात्र 30 अंशच 45 वाटतात! म्हणून मनावर विसंबू नका. पॅनेलवरच्या गोल उपकरणाचे चार स्क्रू बघा: समोरासमोरच्या दोन स्क्रूंना जोडणारी तिरकी रेघ क्षितिजाला समांतर आली की 45 अंश. पूर्ण चक्कर सुमारे 16 सेकंदांत व्हायला हवी. 25 लागत असतील तर बँक कमीच आहे, कितीही तीव्र वाटली तरी.

भीती वाटते ती साहजिक आहे, सरावाने जाते. पण वेग सांभाळा: 45 अंशांत स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख उचल गमावतात) 19 टक्के वाढतो, म्हणजे ताशी 65 किमीचा 77 होतो. कॅनोपीवरचा, घसरण दाखवणारा लोकरीचा धागा मध्यावर ठेवा.

व्हेरिओच्या (चढ-उताराचा वेग आवाजाने सांगणाऱ्या उपकरणाच्या) मागे धावू नका. तो दोन-तीन सेकंद उशिरा बोलतो, तोवर तुम्ही 50-75 मीटर पुढे गेलेले असता. आवाज वाढत असताना बँक थोडी सैल करा, उतरायला लागला की पुन्हा घट्ट. एका चकरेत एकच दुरुस्ती. मागच्या सीटवरून स्वतः स्टिक धरून उंची मिळवून देणारे इन्स्ट्रक्टर शिष्याचं नुकसान करतात, असं माझं ठाम मत आहे.

किती वर जाल? जमिनीवरचं तापमान वजा दवबिंदू (दोन्ही सेल्सियसमध्ये), गुणिले 125, म्हणजे ढगांच्या तळाची जमिनीपासूनची उंची मीटरमध्ये. तापमान 34 आणि दवबिंदू 14 असेल तर ढगांचा तळ साधारण 2,500 मीटरवर. पुण्याची स्वतःची 560 मीटर उंची धरली की समुद्रसपाटीपासून 3,000 च्या वर. तिथे रेंगाळायचं तर ऑक्सिजन हवाच. एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रणाने) दिलेली उंचीची मर्यादा मात्र त्याआधीच लागू शकते, ती ओलांडायची नाही. ढगाखाली वरची ओढ वाढते, तेव्हा तळाच्या बऱ्याच आधी बाहेर पडा.

थर्मलमध्ये आधीच कुणी असेल तर तो ज्या बाजूने चकरा मारतोय त्याच बाजूने वळा, आणि तो दिसेनासा झाला तर लगेच बाहेर या.